मागणी आठ खोक्यांची, ऑर्डर बत्तीसची

आमच्या घरचे किराणा दुकान आहे. दुकानाच्या माळ्यावर अजूनही सॅनिटायझरची काही खोकी पडून आहेत. त्यांची मुदत केव्हाच संपली. अब्बा ती फेकू देत नाहीत. म्हणतात, "राहू द्या, डोळ्यांसमोर असलेली बरी."

२०२० च्या मार्चमध्ये सॅनिटायझरची एक बाटली मिळणे मुश्कील झाले होते. १३ मार्चला केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. पुढच्याच आठवड्यात २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत ठरवून दिली. रोज वीस-पंचवीस माणसे दुकानात विचारून रिकाम्या हाताने परत जात. अब्बांनी नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याला दहा खोकी सांगितली. तो म्हणाला, "दहा मागाल तर तीन मिळतील." मग अब्बांनी दहाची तीस केली. शिवाय आणखी दोघांकडे तीस-तीस सांगून ठेवली. कुठून तरी येतीलच, हा हिशेब. तिघांनाही थोडी थोडी आगाऊ रक्कम दिली.

एप्रिलभर कुठूनच काही आले नाही. मेच्या शेवटी आणि जूनमध्ये मात्र तिघांकडूनही माल आला. तोवर साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या सॅनिटायझर बनवू लागल्या होत्या आणि पानपट्टीवरसुद्धा बाटल्या टांगलेल्या दिसत होत्या. सरकारने ३० जूननंतर ही वस्तू त्या यादीतून वगळली. आमच्याकडे ९० खोकी आणि गिऱ्हाईक नाही! धाकट्या बहिणीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्या खोक्यांत अडकली. तिचे एक वर्ष गेले.

तेव्हा घरात सगळ्यांनी अब्बांना दोष दिला. हाव नडली, असे नातेवाईकही म्हणाले. पुढच्या वर्षी बहीण कॉमर्सला गेली आणि एके दिवशी वर्गात खेळलेला एक खेळ घरी घेऊन आली. तो आम्ही घरात खेळलो, आणि त्या रात्री पहिल्यांदा आम्हाला कळले, की अब्बांची चूक झाली हे खरे, पण ती एकट्या अब्बांची नव्हती. जगातले मोठमोठे कारखाने हीच चूक करत आले आहेत, आणि या चुकीवर साठ वर्षांहून अधिक काळ संशोधन चालू आहे.

चार खुर्च्यांचा खेळ

मिठाची एक पुडी घ्या. मिठागरातून ती कारखान्यात जाते, तिथून मुख्य वितरकाकडे, वितरकाकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, मग आमच्यासारख्या दुकानदाराकडे आणि शेवटी तुमच्या डब्यात. हाताहाताने चालणाऱ्या या प्रवासाला पुरवठा साखळी म्हणतात. माल वरून खाली येतो आणि पैसा खालून वर जातो. पण या दोहोंच्या आधी आणखी एक गोष्ट खालून वर जात असते. ती म्हणजे बातमी: किती माल हवा आहे. सारा घोटाळा या बातमीत होतो.

हे प्रथम नीट ओळखले जे फॉरेस्टर यांनी. अमेरिकेतल्या नेब्रास्कात गुरांच्या मळ्यावर वाढलेला हा विद्युत अभियंता १९५६ मध्ये एमआयटी या संस्थेच्या व्यवस्थापन विभागात आला. त्यांच्यापुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचे कोडे आले. कधी तिन्ही पाळ्या चालत, तर दोन-तीन वर्षांनी अर्ध्या कामगारांना घरी पाठवावे लागे. व्यवस्थापक म्हणत, बाजारच असा आहे. फॉरेस्टर यांनी वहीच्या कागदावर पेन्सिलने आठवड्यामागून आठवड्याचा हिशेब मांडला. त्यांना दिसले, की ग्राहकाची मागणी स्थिर ठेवली तरी कारखान्यातली चढ-उतार थांबत नाही. माल मागवण्याच्या आणि माणसे नेमण्याच्या पद्धतीतच ती दडलेली होती. १९६१ मध्ये त्यांनी हा विचार पुस्तकात मांडला. त्याच विचारातून एमआयटीत तो खेळ तयार झाला.

मूळ खेळात बिअरची खोकी असतात. आपल्याला त्याचे काय काम! आम्ही चिंचोके घेतले आणि साबणाची खोकी मानली. हिशेब तोच राहतो. चार जण चार खुर्च्यांवर बसतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार. प्रत्येकाजवळ सुरुवातीला १२ खोकी. आपसात बोलायचे नाही. फक्त चिठ्ठीवर आकडा लिहून शेजाऱ्याकडे सरकवायचा. चिठ्ठी पोहोचायला वेळ लागतो, मालही काही आठवड्यांनी येतो. माल पडून राहिला तर दर खोक्याला आठवड्याला अर्धा रुपया दंड, आणि मागणी पुरवता आली नाही तर एक रुपया.

ग्राहक पहिले चार आठवडे दर आठवड्याला ४ खोकी मागतो. पाचव्या आठवड्यापासून ८ मागू लागतो. मग शेवटपर्यंत आठच. बस्स, एवढाच बदल. पण हे फक्त दुकानदाराला दिसते.

आमच्या घरी अब्बा दुकानदार झाले, अम्मी घाऊक व्यापारी, बहीण वितरक आणि आम्ही दोघे भाऊ मिळून कारखाना. दहाव्या आठवड्याला अम्मीकडचे चिंचोके संपले. अब्बा चिठ्ठीवर आकडा वाढवू लागले. त्यांचा आकडा बघून अम्मीने त्याहून मोठा लिहिला, बहिणीने त्याहून मोठा. कारखाना रात्रंदिवस चालवल्यासारखे आम्ही चिंचोके काढत राहिलो. आणि मग विसाव्या आठवड्यानंतर सगळा माल एकदम खाली आला. सतरंजीवर अब्बांसमोर चिंचोक्यांचा ढीग झाला. कोणी काहीच मागवेना. आम्ही दोघे हात बांधून बसलो. अम्मी अब्बांवर रागावली, "एवढे कशाला मागितलेत?" अब्बा म्हणाले, "तू दिलेस कुठे वेळेवर?"

अगदी असेच सगळीकडे घडते. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये अशा खेळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहकाची मागणी आठवर थांबलेली असताना दुकानदाराची ऑर्डर सरासरी १५ पर्यंत चढली, घाऊक व्यापाऱ्याची १९, वितरकाची २७ आणि कारखान्याचे उत्पादन ३२ पर्यंत. जितका खर्च पुरे झाला असता, त्याच्या सरासरी दहापट खर्च झाला. खेळ संपल्यावर खेळाडूंना विचारले, ग्राहकाची मागणी कशी होती, काढून दाखवा. बहुतेकांनी मोठी लाट काढली, वर चढणारी आणि खाली कोसळणारी. खरी मागणी एकदाच एक पायरी चढून स्थिर झाली होती, हे दाखवल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

स्टर्मन यांनी चुकीचे मूळही दाखवले. मागवलेला पण अजून न पोहोचलेला माल माणसे हिशेबात धरत नाहीत. फळीवर माल दिसत नाही म्हणून पुन्हा मागवतात. वाटेवरचा माल डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपण विसरतो.

चाबकाचा फटका

घोडागाडीवाला चाबूक उडवतो तेव्हा त्याचे मनगट जरासे हलते. चाबकाचे टोक मात्र हातभर उसळते. साखळीतली मागणीही खालून वर जाताना अशीच उसळत जाते. म्हणून या प्रकाराला चाबकाचा परिणाम म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हा प्रकार बाळांच्या लंगोटांत दिसला. बाळे काही एका आठवड्यात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मे लंगोट वापरत नाहीत. दुकानांतली विक्रीही साधारण सारखीच होती. पण वितरकांच्या ऑर्डरी खूप वर-खाली होत होत्या, आणि कंपनी आपल्या पुरवठादारांकडे ज्या ऑर्डरी देई त्या त्याहून जास्त.

हाऊ ली, पद्मनाभन आणि सुंगजिन व्हांग या तीन संशोधकांनी १९९७ मध्ये या परिणामाची चार कारणे मांडली. ती वाचताना आम्हाला आपलाच बाजार वाचल्यासारखे वाटले.

पहिले, प्रत्येक जण ग्राहकाकडे न बघता खालच्याच्या ऑर्डरीवरून अंदाज बांधतो, आणि वर थोडा स्वतःचा 'असू द्या जवळ' घालतो. चार जणांचे चार 'असू द्या' मिळून डोंगर होतो.

दुसरे, एकदम मागवण्याची सवय. टेम्पोचे भाडे वाचावे म्हणून दुकानदार महिन्याचा माल एकाच दिवशी उचलतो. घाऊक व्यापाऱ्याला तीन आठवडे सामसूम आणि चौथ्यात गर्दी दिसते.

तिसरे, स्कीम. 'दहावर एक मोफत' म्हटले की गरज नसताना वीस घेतले जातात, आणि पुढचे दोन महिने कोणी विचारत नाही. कंपनीला वाटते, विक्री वाढली होती आणि आता पडली. खरे तर विक्री तेवढीच होती, फक्त माल कंपनीच्या गोदामातून दुकानाच्या माळ्यावर गेला होता.

चौथे कारण म्हणजे टंचाईच्या काळातला खोटा आकडा. दहा हवे असतील तर तीस सांगायचे, तिघांकडे सांगायचे, आणि गरज भागली की नको म्हणायचे किंवा गप्प बसायचे. अब्बांनी केले ते हेच. गंमत अशी, की त्या दिवशी आमच्या व्यापाऱ्याच्या वहीत ३० खोकी लिहिली गेली, बाकी दोघांच्या वहीत ३०-३०, आणि वर कुठेतरी कारखान्याला वाटले, की त्या मोहल्ल्यात ९० खोक्यांची मागणी आहे. खरी मागणी दहाची होती. आमच्यासारखी दुकाने प्रत्येक गावात होती.

मोठ्यांचेही असेच झाले. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या मोटार कंपन्यांनी गाड्या खपणार नाहीत म्हणून चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. चिप बनवणाऱ्यांनी तो माल संगणक आणि मोबाइलवाल्यांना दिला. काही महिन्यांत गाड्यांची मागणी परतली, तेव्हा चिप नव्हत्या, आणि नवी चिप तयार होऊन हातात यायला कित्येक महिने लागतात. मग जो तो जास्त जास्त मागवू लागला. २०२१ मध्ये आपल्याकडेही नव्या गाडीसाठी महिनोन्महिने थांबावे लागले, ते यामुळेच.

गिऱ्हाईकही साखळीतच असते

हा दोष केवळ व्यापाऱ्यांचा, असे समजू नये. २०१६ चा नोव्हेंबर आठवा. नोटाबंदी जाहीर होऊन तीन दिवस झाले होते. ११ तारखेच्या संध्याकाळी अफवा उठली, की मीठ संपले. दिल्ली, उत्तर प्रदेश असे करत ती मुंबईपर्यंत आली. ज्या देशात दरवर्षी दोन कोटी टनांहून अधिक मीठ तयार होते, त्या देशात लोक मिठाच्या रांगेत उभे राहिले. घरात दोन किलो पुरले असते तिथे दहा-दहा किलो नेले. त्या रात्री दुकानातले मीठ खरोखरच संपले. अफवा उठली तेव्हा ती खोटी होती. आपण सगळे धावलो आणि ती खरी करून दाखवली. आणि रिकाम्या हाताने परतले कोण? रोजची मजुरी संध्याकाळी हातात पडल्यावर पाव किलो घेणारे.

चंद्राचा हिशेब

आपल्या घरांत अंदाजाची एक वेगळीच गंमत असते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी पुढे सरकतो, म्हणजे इंग्रजी महिन्यांत मागे मागे येतो. २०२४ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस. जो व्यापारी 'गेल्या वर्षी याच महिन्यात खजूर किती गेला' असे बघतो, तो हमखास चुकतो.

एवढेच नाही. उन्हाळ्यातल्या रोज्यांना कलिंगड, सरबत आणि बर्फ लागतो. रमजान थंडीत शिरेल तशी ही मागणी उतरेल, शेवया आणि खजूर मात्र तसेच राहतील. म्हणजे हिशेबाला चंद्राचे कॅलेंडर हवे आणि ऋतूचेही. आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या फळवाल्याला हे पाठ असते. मोठ्या कंपनीच्या संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. आणि खजूर परदेशातून जहाजाने येतो, त्याची ऑर्डर चंद्र दिसल्यावर देऊन चालत नाही. ही मागणी अचानक येत नाही. तिची तारीख एक-दोन दिवसांच्या फरकाने कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. तरीही दरवर्षी पहिल्या रोज्याला भाव चढतात, कारण सगळे जण एकाच आठवड्यात खरेदीला निघतात. शाबानमध्येच थोडे थोडे घेणाऱ्या घराला आणि दुकानाला दोघांनाही हे सोपे जाते.

समुद्रात फेकलेली मासळी

खरी बातमी वेळेवर पोहोचली तर काय होते? याचा सुरेख पुरावा केरळच्या किनाऱ्यावर आहे. मलबारच्या या भागात मासेमारीत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या वाचकांना तिथले चित्र आपलेच वाटेल.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी १९९६ ते २००१ या काळात कासरगोड, कन्नूर आणि कोझिकोड या तीन जिल्ह्यांतल्या १५ किनारी बाजारांत दर आठवड्याला तारलीचा भाव आणि विक्री नोंदवली. होड्या पहाटे आपापल्याच बंदरात येत. तिथे मासळी जास्त झाली आणि गिऱ्हाईक संपले, की उरलेली मासळी समुद्रात फेकावी लागे. दुसऱ्या बंदरात काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता, आणि इंधन जाळून अंदाजाने जाणे परवडत नसे. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी बडगरा इथे ११ मच्छीमारांना मासळी फेकून द्यावी लागली. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत २७ गिऱ्हाइके मासळी न मिळाल्याने परत निघाली होती.

१९९७ पासून या जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. किनाऱ्याजवळच्या मनोऱ्यांची लहर समुद्रात काही अंतरापर्यंत पोहोचे. मच्छीमार होडीतूनच विचारू लागले: आज भाव कुठे आहे? आधी रोजच्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के वाया जात होती, ती जवळपास थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. जेन्सन यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. विकणाऱ्याचाही फायदा आणि घेणाऱ्याचाही, असे व्यापारात क्वचित घडते. इथे ते घडले, कारण वाया जाणारे वाचले.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल केरळच्या मच्छीमारांत गेल्या. २०१३ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की भाव कळला म्हणून प्रत्येकाला हवे तिथे विकता येत नाही. ज्याने होडीसाठी किंवा जाळ्यासाठी लिलावदाराकडून उचल घेतली आहे, तो त्याच्याच किनाऱ्याला बांधलेला असतो. हातात फोन आहे, पलीकडे चांगला भाव आहे, पण होडी वळवता येत नाही. म्हणून नुसती बातमी पुरत नाही. बातमीप्रमाणे वागण्याची मोकळीकही लागते. उचल आणि उधारी यांच्या ओझ्याखाली धंदा करणाऱ्या आपल्या कितीतरी घरांना हे वेगळे सांगायला नको.

गावाबाहेर गाठलेला काफिला

प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळी अरबस्तानात माल काफिल्यांनी येई. काही चलाख व्यापारी गावाबाहेर वाटेतच काफिल्याला गाठत आणि बाजारभाव कळण्याआधीच स्वस्तात माल उचलत. प्रेषितांनी या प्रकाराला मनाई केली. असा सौदा झालाच, तर बाजारात पोहोचल्यावर विकणाऱ्याला तो मोडण्याची मुभा राहील, असेही हदीसमध्ये आहे. भाव चढावा म्हणून धान्य दडवून ठेवण्यालाही तिथे गुन्हा मानले आहे. हे नियम आम्ही लहानपणी मदरशात ऐकले होते, पण दुकानाशी त्यांचा संबंध जोडला नव्हता. आता वाटते, या नियमांचा रोख नफ्यावर नव्हता. नफा जायजच आहे. समोरच्याला अंधारात ठेवून मिळवलेल्या नफ्यावर तो रोख होता.

वहीतला तिसरा रकाना

चिंचोक्यांच्या खेळानंतर दुकानात आम्ही चार साधे बदल केले. त्यांना पैसा लागत नाही.

आमच्या वहीत आधी दोन रकाने होते: 'शिल्लक' आणि 'मागवायचे'. बहिणीने मध्ये तिसरा रकाना आखला: 'वाटेवर'. कोणाकडे किती सांगितले आहे आणि किती यायचे आहे, हे लिहिल्याशिवाय नवी ऑर्डर द्यायची नाही. स्टर्मन यांच्या अभ्यासाचा सारा अर्क त्या एका रकान्यात आहे.

दुसरे, महिन्याचा माल एकदम न उचलता दर आठवड्याला थोडा. शेजारच्या दोन दुकानांशी मिळून एकच टेम्पो करतो, त्यामुळे भाडे वाढत नाही.

तिसरे, स्कीम आली तरी नेहमीच्या खपापेक्षा फार जास्त घ्यायचे नाही. माळ्यावर पडलेला माल म्हणजे माळ्यावर पडलेले पैसे.

चौथा बदल अब्बांना सर्वात जड गेला. दर शुक्रवारी नमाजनंतर ते घाऊक व्यापाऱ्याला खरा खप सांगतात: या आठवड्यात साबण इतका गेला, तेल इतके. आधी त्यांना वाटे, आपला आतला आकडा दुसऱ्याला का द्यायचा? २००६ मध्ये रेचेल क्रोसन आणि कॅरेन डोनोह्यू यांनी याच खेळावर प्रयोग करून पाहिले. एकमेकांकडचा साठा सर्वांना दिसू दिला, तर चाबकाचा फटका पुरता जात नाही, पण कमी होतो, आणि साखळीतल्या वरच्या लोकांना त्याचा जास्त उपयोग होतो. म्हणजे आपल्या खरे सांगण्याचा फायदा आधी वरच्याला होतो. आपल्याकडे तो सावकाश फिरून येतो. आमच्याकडे तो असा आला: गेल्या वर्षी तेलाची ओढाताण झाली, तेव्हा व्यापाऱ्याने आम्हाला मागितले तेवढे डबे दिले. म्हणाला, "तुमचा आकडा खरा असतो. बाकीच्यांच्या आकड्याला मला तीनने भागावे लागते."

घरासाठीही एवढेच. टंचाईची बातमी कानावर आली, तर नेहमी नेता तेवढेच न्या. तुमच्यामागे रांगेत कोणी उभे आहे. आणि एखाद्या रविवारी चिंचोके घेऊन हा खेळ मुलांबरोबर जरूर खेळा. दीड-दोन तास लागतात. भांडण होईल, ते होऊ द्या. शेवटी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र मांडा आणि ग्राहकाची चिठ्ठी त्यांच्याशेजारी ठेवा.

आमच्या घरी त्या रात्री तसे केले, तेव्हा अब्बा बराच वेळ त्या आठच्या आकड्याकडे बघत राहिले. मग बहिणीला म्हणाले, "बेटा, तुझे ते वर्ष याच्यातच गेले ना?" ती काही बोलली नाही. वही पुढे ओढून तिने तिसरा रकाना आखायला घेतला.